जीटीके ४ साठी डेव्हलपमेंटची मांडामांड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खिडक्या, बटणं, मेनू असलेला प्रोग्राम लिहायला घेतलेल्या बहुतेकांची पहिली अडचण कोडमध्ये नसते. कंपायलरला हेडर फाइल सापडत नाही, लिंकरला लायब्ररी सापडत नाही, पायथनला मॉड्यूल सापडत नाही, आणि पहिली खिडकी उघडण्याआधीच माणूस कंटाळून जातो. इथे उत्तरं देताना माझा आग्रह एकच आहे: एका प्रोजेक्टसाठी कंपायलर, लायब्ररी, पीकेजी-कॉन्फिग (लायब्ररी कुठे आहे ते सांगणारं साधन) आणि भाषेचं बाइंडिंग (दुसऱ्या भाषेतून लायब्ररी वापरता येण्यासाठीचा जोड) हे सगळं एकाच उगमातून घ्या. निम्मं इथून आणि निम्मं तिथून घेतलं की बहुतेक त्रास सुरू होतो.

पॅकेजांची आणि कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांतच टाकायची.

### जीटीके म्हणजे नेमकं काय, आणि त्याच्यासोबत आणखी काय काय येतं?

जीटीके ही खिडक्या आणि त्यांतली विजेट्स (बटण, मेनू यांसारखे घटक) बनवण्यासाठी सी भाषेत लिहिलेली मुक्त लायब्ररी आहे. पीटर मॅटिस आणि स्पेन्सर किंबॉल हे बर्कलीला विद्यार्थी असताना गिंप हा चित्रसंपादनाचा प्रोग्राम लिहीत होते. त्यासाठी त्यांना मोटिफ ही तेव्हाची लायब्ररी पुरेना, म्हणून त्यांनी स्वतःची बनवली. ‘गिंप टूलकिट’ हे मूळ नाव त्यावरूनच पडलं. आज गनोम डेस्कटॉप तिच्यावर उभा आहे.

जीटीके एकटी कधीच येत नाही. जीलिब आणि जीऑब्जेक्ट तिला पायाभूत गोष्टी पुरवतात: स्ट्रिंग, याद्या, सिग्नल, वारसा. पँगो मजकुराची मांडणी करते, हार्फबझ अक्षरांचे आकार जुळवते, कैरो द्विमितीय रेखाटन करते. याशिवाय जीडीके-पिक्सबफ, ग्राफीन, एपॉक्सी अशा आणखी लायब्ररी आहेत. हे आधीच सांगण्याचं कारण असं की एररमध्ये तुम्हाला जीटीकेऐवजी पँगो किंवा जीलिबचं नाव दिसेल आणि ‘मी तर हे वापरलंच नाही’ असं वाटेल. तुम्ही थेट वापरलं नसलं तरी जीटीकेने वापरलेलं असतं.

### आवृत्ती ३ शिकू की ४?

नवीन काम असेल तर ४. ४.० डिसेंबर २०२० मध्ये आली, आणि आवृत्ती २ चा सांभाळ त्याच वेळी थांबला. ३ चालू प्रोग्रामांसाठी अजून सांभाळली जाते, पण नवीन सोयी ४ मध्येच येतात. जुना प्रोग्राम दुरुस्त करायचा असेल, तरच ३ कडे वळा.

दोन्ही आवृत्त्या एकाच मशीनवर सुखाने नांदतात, कारण त्यांच्या हेडर फाइल आणि लायब्ररीची नावं वेगळी ठेवलेली आहेत. मात्र एकाच प्रोग्राममध्ये दोन्ही चढवता येत नाहीत. तसं झालं तर जीटीके ४ ‘जुन्या आवृत्तीची चिन्हं आढळली’ अशा अर्थाचा संदेश देऊन प्रोग्राम थांबवते. हे सहसा नकळत घडतं: प्रोग्राम ४ वर असतो आणि त्यात घेतलेली एखादी दुसरी लायब्ररी ३ वर बांधलेली असते.

आवृत्तीचा मधला आकडाही पाहत जा. सम आकडा म्हणजे स्थिर, विषम म्हणजे विकासासाठी. ४.१५ ही ४.१६ ची पूर्वतयारी होती. शिकताना विषम आकड्याच्या वाटेला जाऊ नका.

### सीच शिकावी लागेल का?

नाही. जीऑब्जेक्ट इंट्रोस्पेक्शन नावाची यंत्रणा लायब्ररीचं सगळं वर्णन मशीनला वाचता येईल अशा फाइलीत ठेवते, आणि इतर भाषा त्या वर्णनावरून जीटीके वापरू शकतात. पायथन, रस्ट, जावास्क्रिप्ट, वाला, सी प्लस प्लस या सर्वांसाठी चांगली बाइंडिंग आहेत. सुरुवातीला पायथन घ्या असं मी सुचवेन, कारण बदल केला की लगेच खिडकी दिसते. तरीही अधिकृत कागदपत्रं मुख्यतः सीच्या नजरेतून लिहिलेली आहेत, म्हणून सीमधली फंक्शनची नावं वाचता येण्याइतकी ओळख करून घ्याच.

### लिनक्सवर काय इन्स्टॉल करायचं? जीटीके तर आधीपासून दिसतेय.

जी दिसतेय ती प्रोग्राम चालवण्यापुरती आहे. प्रोग्राम बनवण्यासाठी हेडर फाइल आणि पीकेजी-कॉन्फिगच्या नोंदी लागतात, आणि बहुतेक डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरा यांसारखे लिनक्सचे प्रकार) त्या वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवतात. डेबियन आणि उबुंटूवर ते पॅकेज लिबजीटीके-४-डेव्ह, फेडोरावर जीटीके४-डेव्हल. आर्चवर मात्र असं वेगळं पॅकेज नसतं. जीटीके४ घेतलं की हेडर त्यातच येतात. जोडीला कंपायलर घ्या: डेबियन परिवारात बिल्ड-इसेन्शियल, आर्चवर बेस-डेव्हल. मेसन आणि निंजा ही बिल्डची साधनंही आत्ताच घेऊन ठेवा.

पँगो, कैरो, जीलिब यांची डेव्ह पॅकेजं स्वतंत्रपणे मागावी लागत नाहीत, ती आपोआप येतात.

### डिस्ट्रोमधली आवृत्ती जुनी आहे. सोर्सपासून बांधू का?

आधी खरंच गरज आहे का ते पाहा. उबुंटू २२.०४ मध्ये ४.६ आहे, डेबियन १२ मध्ये ४.८, उबुंटू २४.०४ मध्ये ४.१४. शिकण्यासाठी यांतलं काहीही पुरतं. अडचण येते ती नव्या लेखातलं कोड जुन्या आवृत्तीवर चालवताना. उदाहरणार्थ, फाइल निवडण्यासाठीचा जीटीके-फाइल-डायलॉग ४.१० मध्ये आला. ४.६ वर तो नाहीच, त्यामुळे कंपायलरला तो अनोळखी वाटणार. उबुंटू २०.०४ वर तर अधिकृत भांडारात जीटीके ४ च नाही.

नवीनच हवी असेल तर सोर्सपासून बांधण्याआधी फ्लॅटपॅकचा (मूळ प्रणालीपासून वेगळी ठेवलेली पॅकेजं देणाऱ्या व्यवस्थेचा) विचार करा. गनोमचा एसडीके, म्हणजे विकासाच्या साधनांचा संच, फ्लॅटपॅक म्हणून मिळतो. त्यात जीटीके, तिच्या सगळ्या अवलंबित लायब्ररी आणि कंपायलर एकमेकांशी जुळलेले असतात आणि तुमच्या मूळ प्रणालीला धक्काही लागत नाही. गनोम बिल्डर हा एडिटर तो एसडीके आपणहून आणतो. दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास, त्याची नवी आवृत्ती निघते.

एवढं करूनही सोर्सपासूनच बांधायचं ठरवलंत, तर ती प्रणालीच्या यूएसआर फोल्डरमध्ये कधीही टाकू नका. घरच्या फोल्डरमध्ये वेगळी जागा करून तिथे बसवा. डेस्कटॉप ज्या लायब्ररीवर चालतो तीच पुसून वर नवी चढवली, तर पुढच्या लॉगिनला डेस्कटॉप न उघडण्याची पाळी येऊ शकते.

### पीकेजी-कॉन्फिग कशाला लागतं? पाथ हाताने दिले तर चालत नाहीत का?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच, म्हणून जरा सविस्तर.

जीटीके ४ वापरणाऱ्या एका छोट्या फाइलीला कंपाइल करायला डझनभर फोल्डरांतली हेडर लागतात. त्यांतली काही अपेक्षित जागी नसतातच. जीलिबची जीलिब-कॉन्फिग नावाची हेडर फाइल घ्या. ती मशीनच्या बनावटीनुसार बदलते, म्हणून ती इन्क्लूड फोल्डरमध्ये न ठेवता लायब्ररीच्या फोल्डरमध्ये, जीलिबच्या उपफोल्डरात ठेवलेली असते. हाताने पाथ देणारे नेमके इथे अडकतात. जीटीकेची हेडर सापडते, तिने मागितलेली जीलिबची सापडते आणि मग जीलिब-कॉन्फिग सापडत नाही. मग लोक ती फाइल उचलून आपल्या प्रोजेक्टमध्ये टाकतात. आज काम भागतं, पण लायब्ररी अद्ययावत झाली की जुनी हेडर आणि नवी लायब्ररी यांची सांगड तुटते. तेव्हा येणाऱ्या एररमधून मूळ कारण उमगत नाही.

प्रत्येक लायब्ररी आपल्यासोबत पीसी या एक्स्टेन्शनची एक लहान मजकूर फाइल ठेवते: हेडर कुठे आहेत, लिंक करताना काय द्यायचं, आवृत्ती कोणती, आणखी कोणत्या लायब्ररी लागतात. पीकेजी-कॉन्फिग त्या फाइली वाचून पूर्ण उत्तर देतं. सीफ्लॅग्ज पर्याय दिलात की हेडरचे पाथ मिळतात, लिब्ज दिलात की लिंकरसाठीचे पर्याय, मॉडव्हर्जन दिलात की आवृत्तीचा आकडा. जीटीकेसाठी त्याला सांगायचं नाव ‘जीटीके४’, मध्ये रेघ किंवा बिंदू नाही. आवृत्ती ३ साठी मात्र ते ‘जीटीके+-३.०’ असं आहे. फरक लक्षात ठेवा, कारण पॅकेजचं नाव आणि हे नाव एकच असेल असं समजून लोक चुकतात.

‘पॅकेज सापडलं नाही’ असं उत्तर आलं तर सहसा दोन शक्यता. एक तर डेव्ह पॅकेज नाही, किंवा पीसी फाइल आहे पण पीकेजी-कॉन्फिग तिथे पाहत नाही. डेबियनच्या ६४ बिट मशीनवर पीसी फाइली मशीनच्या बनावटीचं नाव असलेल्या उपफोल्डरात असतात, फेडोरावर लिब६४ मध्ये. वेगळ्या जागी बसवलेली लायब्ररी असेल तर पीकेजी-कॉन्फिग-पाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ती जागा द्यायची.

तिसरी गोष्ट सहज लक्षात येत नाही: मशीनवर दोन पीकेजी-कॉन्फिग असू शकतात. कोंडा (पायथनची पॅकेजं आणि वातावरणं सांभाळणारं साधन) वापरणाऱ्यांकडे हे फार होतं. कोंडाचं वातावरण चालू असताना त्याचं स्वतःचं पीकेजी-कॉन्फिग आणि स्वतःची जीलिब पुढे येते, आणि प्रणालीतली जीटीके अदृश्य होते किंवा चुकीच्या जीलिबशी जोडली जाते. ‘विच’ कमांडने कोणतं पीकेजी-कॉन्फिग चालतंय ते पाहा, आणि जीटीकेचं काम करताना कोंडा बंद ठेवा.

### हेडर सापडली, कंपाइल झालं, पण लिंक करताना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’चा पाऊस पडतो.

लिब्जचं उत्तर कमांडमध्ये कुठे ठेवलंय ते बघा. सोर्स फाइलचं नाव आधी आणि लायब्ररी नंतर असा क्रम हवा. उबुंटूवर लिंकर मूळ सेटिंगनुसारच ‘आत्तापर्यंत कुणी न मागितलेली लायब्ररी सोडून दे’ या पद्धतीने चालतो. लायब्ररी आधी आली की त्या क्षणी तिची गरज दिसत नाही, ती वगळली जाते, आणि मग सोर्समधल्या प्रत्येक हाकेला उत्तर मिळत नाही. दुसऱ्या डिस्ट्रोवर तीच कमांड चालते, म्हणून हे गूढ वाटतं.

क्रम बरोबर असेल तर सीफ्लॅग्जसोबत लिब्ज द्यायचं राहून गेलंय का ते तपासा.

### सगळं नीट बसलंय याची खात्री कशी करू?

स्वतःचं कोड लिहिण्याआधी जीटीके४-डेमो चालवा. डेबियन परिवारात तो जीटीके-४-एक्झाम्पल्स पॅकेजमध्ये आहे. तो उघडला म्हणजे लायब्ररी, फाँट, ग्राफिक्स, सगळं चालतंय. आता अडचण आलीच तर ती तुमच्या बिल्डमध्ये आहे. एका निदानात निम्मं जंगल साफ होतं. शिवाय डेमोमध्ये प्रत्येक उदाहरणाचं सोर्स शेजारीच वाचायला मिळतं. त्याच पॅकेजातला विजेट फॅक्टरी सगळी विजेट्स एकत्र दाखवतो.

### प्रोग्राम चालतो आणि खिडकी न दाखवता लगेच संपतो.

जीटीके-ॲप्लिकेशन आपल्या नावावर एखादी खिडकी आहे तोवरच जिवंत राहतं. ॲक्टिव्हेट सिग्नल जोडला नसेल, किंवा खिडकी बनवताना ती कोणत्या ॲप्लिकेशनची हे सांगितलं नसेल, तर त्याच्या दृष्टीने काम संपलेलं असतं. खिडकी ॲक्टिव्हेटच्या हँडलरमध्येच बनवा, ॲप्लिकेशन तिला द्या आणि शेवटी प्रेझेंट हे फंक्शन बोलवा.

### कोड बदललं, पुन्हा कंपाइल केलं, तरी जुनीच खिडकी दिसते!

हा नवख्यांना हमखास चकवणारा प्रकार आहे. तुमच्या ॲप्लिकेशनला उलट्या डोमेनच्या धर्तीवर एक ओळखनाम दिलेलं असतं. त्यात किमान एक टिंब असावंच लागतं. लिनक्सवर त्याच ओळखनामाचा प्रोग्राम आधीच चालू असेल, तर नवा प्रोग्राम डी-बसवरून (प्रोग्रामांनी एकमेकांना निरोप देण्याच्या यंत्रणेवरून) पहिल्याला ‘जागा हो’ असा निरोप देतो आणि स्वतः बंद होतो. म्हणजे नवं कोड चालतच नाही, जुन्या प्रक्रियेतली खिडकी पुढे येते. आधीची प्रत लटकलेली असेल तर काहीच दिसत नाही.

जुनी प्रक्रिया शोधून बंद करा. हे वारंवार होत असेल तर विकासापुरता ‘नॉन-युनिक’ हा फ्लॅग द्या. उदाहरणातून उचललेलं ओळखनाम दोन वेगवेगळ्या प्रोजेक्टमध्ये तसंच ठेवलं, तरी हाच घोटाळा होतो. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं नाव द्या.

### विंडोजवर कसं करायचं?

सर्वांत सरळ रस्ता एमसिस२ चा. ही विंडोजवर मुक्त साधनं आणि लायब्ररी पुरवणारी व्यवस्था आहे, आणि तिच्यात पॅकमॅन हा पॅकेज व्यवस्थापक येतो.

इथली खरी मेख म्हणजे एमसिस२ इन्स्टॉल केल्यावर स्टार्ट मेनूत अनेक टर्मिनल दिसतात: एमसिस, यूसीआरटी६४, मिंगडब्ल्यू६४, क्लँग६४. ही निरनिराळी वातावरणं आहेत आणि प्रत्येकाची पॅकेजं वेगळी आहेत. एमसिस नावाचं टर्मिनल त्या व्यवस्थेच्या स्वतःच्या कामासाठी आहे, विंडोजचे प्रोग्राम बनवण्यासाठी नाही. तुम्ही यूसीआरटी६४ निवडा आणि शेवटपर्यंत तिथेच राहा. कोणत्या वातावरणात आहात ते प्रॉम्प्टवर लिहिलेलं असतं.

आधी पॅकमॅनने पूर्ण व्यवस्था अद्ययावत करा. मध्येच टर्मिनल बंद करायला सांगितलं तर करा, पुन्हा उघडा आणि तीच कमांड परत द्या. मग जीसीसी, पीकेजीकॉन्फ (पीकेजी-कॉन्फिगचंच काम करतं), मेसन आणि जीटीके४ ही पॅकेजं घ्या. प्रत्येकाच्या नावाआधी ‘मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४-यूसीआरटी-एक्स८६_६४’ हा उपसर्ग असलाच पाहिजे. उपसर्गाशिवाय नुसतं जीसीसी मागितलं तर एमसिसचं जीसीसी येतं. हेडर सापडत नाही अशा तक्रारींमागे बऱ्याचदा तेच असतं.

प्रोजेक्टच्या पाथमध्ये मोकळी जागा ठेवू नका. बिल्डची अनेक साधनं तिथे अडखळतात.

मायक्रोसॉफ्टचाच कंपायलर वापरायचा असेल तर जीव्हीएसबिल्ड हा प्रकल्प पाहा. तो त्या कंपायलरने जीटीके आणि तिची सगळी साखळी बांधतो. एमसिस२ ची लायब्ररी आणि व्हिज्युअल स्टुडिओचा कंपायलर असा संकर मात्र टाळा.

### एमसिस२ च्या टर्मिनलमध्ये चालतं, पण डबल-क्लिक केलं की डीएलएल सापडत नाही म्हणतं.

टर्मिनलमध्ये यूसीआरटी६४ चा बिन फोल्डर पाथमध्ये असतो, विंडोज एक्स्प्लोररला तो माहीत नसतो. फक्त आपल्या मशीनवर वापरायचं असेल तर तो फोल्डर विंडोजच्या पाथमध्ये घाला. दुसऱ्याला द्यायचं असेल तर लागणाऱ्या सगळ्या डीएलएल प्रोग्रामशेजारी ठेवा. एलडीडी कमांड त्यांची यादी देते. एवढ्यावर थांबू नका. ॲडवायटा आणि हायकलर आयकॉन, कंपाइल केलेल्या जीसेटिंग्ज स्कीमा (प्रोग्रामच्या सेटिंग्जचं वर्णन करणाऱ्या फाइली) आणि पिक्सबफचे लोडरही सोबत लागतात, नाहीतर खिडकी उघडते पण आयकॉनच्या जागी तुटकं चित्र दिसतं.

मागे उघडणारी काळी कन्सोल खिडकी नको असेल तर लिंक करताना एम-विंडोज हा पर्याय द्या. विकासाच्या काळात ती राहू द्या, सगळी वॉर्निंग तिथेच छापली जातात.

### मॅकवर?

ॲपलची कमांड-लाइन साधनं, मग होमब्रू हा पॅकेज व्यवस्थापक, मग त्यातून जीटीके४ आणि पीकेजीकॉन्फ. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर होमब्रू ऑप्ट फोल्डरखाली बसतं आणि इंटेल मशीनवर यूएसआर-लोकलखाली. जुन्या मशीनवरून सगळं नव्यावर हलवलं असेल तर दोन्ही होमब्रू शिल्लक राहतात, आणि मग चिपची बनावट (आर्किटेक्चर) जुळत नाही अशी लिंकरची तक्रार येते. जुनं काढून टाका.

### पायथनमध्ये ‘जीआय नावाचं मॉड्यूल नाही’ असं येतं. पिपने घेतलं तर तेही फसतं.

पायगॉब्जेक्ट हे बाइंडिंगचं नाव, पण इंपोर्ट करायचं मॉड्यूल ‘जीआय’. पिपने (पायथनच्या पॅकेज व्यवस्थापकाने) ‘जीआय’ शोधत बसू नका.

लिनक्सवर सर्वांत बरं म्हणजे डिस्ट्रोचंच पॅकेज. डेबियन आणि उबुंटूवर पायथन३-जीआय आणि जीआयआर१.२-जीटीके-४.०, फेडोरावर पायथन३-जीऑब्जेक्ट आणि जीटीके४. पहिलं पॅकेज आहे पण दुसरं नाही अशी स्थिती असेल तर जीआय इंपोर्ट होतं आणि मग ‘जीटीके हे नेमस्पेस उपलब्ध नाही’ अशी एरर येते. दोन एरर वेगळ्या, दोन्हींचे उपाय वेगळे.

डिस्ट्रोचं पॅकेज डिस्ट्रोच्याच पायथनला दिसतं. तुम्ही व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवलं की ते बाहेरची पॅकेजं लपवतं, म्हणून मॉड्यूल ‘हरवतं’. एन्व्हायर्नमेंट बनवताना सिस्टिम-साइट-पॅकेजेस हा पर्याय द्या. स्वतंत्रपणे बसवलेलं वेगळ्या आवृत्तीचं पायथन असेल तर हाही उपाय चालणार नाही, कारण बाइंडिंगचा गाभा सीमध्ये कंपाइल केलेला असतो आणि तो एका पायथन आवृत्तीशी बांधलेला असतो.

मग उरतं पिप. लिनक्सवर पायगॉब्जेक्ट पिपने घेताना तुमच्याच मशीनवर कंपाइल होतं, म्हणून कंपायलर, पायथनची हेडर, कैरोची हेडर आणि इंट्रोस्पेक्शनची डेव्ह पॅकेजं आधी हवीत. एक बदल इथे अनेकांना अडवतो: पायगॉब्जेक्ट ३.५२ पासून जीआयरिपॉझिटरी २.० लागते. जुन्या डिस्ट्रोत फक्त १.० आहे आणि पिपने ताजं पायगॉब्जेक्ट आणलं, की बिल्ड फसतं. तिथे पिपला ३.५२ च्या आधीची आवृत्ती मागा.

कोडमध्ये रिक्वायर-व्हर्जनची ओळ इंपोर्टच्या आधी लिहा आणि ‘४.०’ हा आकडा अवतरणचिन्हांत द्या. ती नसेल तर पायगॉब्जेक्ट वॉर्निंग देऊन स्वतःच्या मर्जीने आवृत्ती निवडतं.

### एडिटरमध्ये सगळीकडे लाल रेघा, पण कंपाइल मात्र होतं.

एडिटरला हेडरचे पाथ ठाऊक नाहीत, एवढंच. मेसन वापरत असाल तर बिल्ड फोल्डरमध्ये कंपाइल-कमांड्स नावाची जेसन फाइल आपोआप तयार होते. क्लँगडीला (एडिटरला कोड समजावून देणाऱ्या साधनाला) ती दाखवा, रेघा जातील.

आणखी एक पेच सांगायला हवा. एडिटर स्नॅप (उबुंटूची बंदिस्त पॅकेज पद्धत) म्हणून बसवलेला असेल तर त्याच्या आतल्या टर्मिनलमध्ये जीटीके-पाथसारखी काही व्हेरिएबल्स स्नॅपच्या आतल्या जागा दाखवत असतात. तिथून तुमचा प्रोग्राम चालवला की ‘सिम्बॉल लुकअप एरर’ येते आणि बाहेरच्या टर्मिनलमधून तोच प्रोग्राम छान चालतो. ते व्हेरिएबल अनसेट करा किंवा प्रोग्राम बाहेरच चालवा.

### मेसन शिकणं गरजेचं आहे का? मेक-फाइल येते मला.

एका फाइलीच्या प्रोग्रामला मेक-फाइल पुरते. यूआय फाइल, स्कीमा, भाषांतरं, आयकॉन यायला लागले की मेसन घ्या. जीटीके स्वतः त्यावरच बांधली जाते, आणि जीरिसोर्स बांधणं, स्कीमा कंपाइल करणं यासाठी त्यात तयार सोय आहे. अवलंबित्वाची एक ओळ लिहिली की पीकेजी-कॉन्फिगला विचारण्याचं काम तोच करतो.

### ग्लेड उघडलं तर जीटीके ४ ची विजेट्स दिसत नाहीत.

दिसणारही नाहीत, ग्लेड हा खिडक्या आखण्याचा प्रोग्राम जीटीकेच्या आवृत्ती ३ पर्यंतच आहे. ४ साठी कँबालाचे हा प्रोग्राम वापरा, किंवा ब्लूप्रिंट ही सुटसुटीत भाषा. जुनी यूआय फाइल बदलायला जीटीके४-बिल्डर-टूलमध्ये ३ वरून ४ वर नेण्याचा पर्याय आहे. तो बरंच काम करतो, सगळं नाही. निकाल डोळ्यांखालून घाला.

### जुन्या लेखातलं कोड कंपाइलच होत नाही.

त्यात जीटीके-मेन, शो-ऑल किंवा कंटेनर-ॲड दिसतंय का? ही तिन्ही फंक्शनं ४ मध्ये काढून टाकली आहेत. इन्स्टॉलेशनमधला दोष समजून लायब्ररी पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. ४ मध्ये विजेट्स मुळातच दृश्यमान असतात. याउलट ट्रीव्ह्यू, डायलॉग यांच्यावर ‘डेप्रिकेटेड’ अशी वॉर्निंग आली तर घाबरू नका. ४.१० पासून ती जुनी ठरवलीत, तरी ४ मध्ये चालत राहतात.

### ‘डिस्प्ले उघडता आला नाही’ किंवा खिडकी काळी, झगमगती दिसते.

पहिली एरर म्हणजे प्रोग्रामला खिडकी दाखवायला पडदाच मिळाला नाही. एसएसएच, कंटेनर किंवा सर्व्हरवरची स्वयंचलित चाचणी असेल तर हे अपेक्षितच आहे. चाचणीसाठी एक्सव्हीएफबी हा आभासी पडदा वापरा. विंडोजमधल्या लिनक्स उपप्रणालीत डब्ल्यूएसएलजी आल्यापासून खिडक्या थेट दिसतात, पण त्यासाठी उपप्रणाली अद्ययावत हवी.

काळी किंवा झगमगती खिडकी हा बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचा प्रश्न असतो. जीटीके ४ रेखाटनाचं काम ग्राफिक्स कार्डाकडून करून घेते. ४.१४ मध्ये नवे रेंडरर आले आणि ४.१६ पासून वेलँडवर (लिनक्सच्या नव्या प्रदर्शन व्यवस्थेवर) व्हल्कन या ग्राफिक्स यंत्रणेला पहिली पसंती आहे. जीएसके-रेंडरर या व्हेरिएबलमध्ये ‘कैरो’ लिहून चालवा. चित्र सुधारलं तर दोष ड्रायव्हरकडचा. हा निदानाचा मार्ग आहे. कैरो हळू आहे, ते सेटिंग कायमचं ठेवू नका.

### मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसतात.

चौकोन दिसले तर देवनागरी फाँट नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित घ्या. विचित्र लॅटिन चिन्हं दिसली तर मजकूर कुठेतरी यूटीएफ-८ सोडून दुसऱ्या एन्कोडिंगने वाचला किंवा सेव्ह केला गेलाय, कारण जीटीके सगळा मजकूर यूटीएफ-८ मध्येच मानते. जोडाक्षरं आणि वेलांट्या हार्फबझ आपोआप जुळवते, त्यासाठी कोडमध्ये काही करावं लागत नाही. एक काळजी घ्या: स्ट्रिंग बाइटच्या हिशेबाने कापू नका. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, मधोमध कापलं की मजकूर अवैध होतो आणि पँगो वॉर्निंग देते.

### प्रोग्राम ‘स्कीमा इन्स्टॉल नाही’ म्हणत एकदम कोसळतो.

जीसेटिंग्जला न सापडलेली स्कीमा ही माफ करण्यासारखी चूक वाटत नाही, ती प्रोग्राम थांबवतेच. स्कीमाची एक्सएमएल फाइल जीलिब-कंपाइल-स्कीमाजने कंपाइल करा आणि इन्स्टॉल न करता चालवायचं असेल तर जीसेटिंग्ज-स्कीमा-डिर या व्हेरिएबलमध्ये तो फोल्डर द्या.

### खिडकी उघडली, पण मांडणी चुकीची येते. कुठे बघू?

जीटीके-डीबग या व्हेरिएबलमध्ये ‘इंटरॲक्टिव्ह’ लिहून प्रोग्राम चालवा, किंवा चालू खिडकीत कंट्रोल-शिफ्ट-आय दाबा. इन्स्पेक्टर उघडेल. त्यात विजेटचं झाड, प्रत्येकाचे गुणधर्म आणि जागा दिसते, चालू प्रोग्राममध्येच मूल्य बदलून पाहता येतं, सीएसएस लिहून लगेच परिणाम दिसतो. अंदाजाने मार्जिन बदलत पुन्हा पुन्हा कंपाइल करण्यात जाणारा वेळ यात वाचतो.

टर्मिनलवर ‘क्रिटिकल’ असा संदेश येत असेल तर तो सोडून देऊ नका. जी-डीबगमध्ये ‘फेटल-क्रिटिकल्स’ लिहून जीडीबी या डीबगरखाली चालवा. प्रोग्राम त्या संदेशाच्या जागीच थांबेल आणि बॅकट्रेसमध्ये तुमच्या कोडची ओळ सापडेल. जीलिब आणि जीटीकेची डीबग चिन्हं घेतलेली असतील तर लायब्ररीच्या आतल्या ओळीही नावानिशी दिसतात.

### परवान्याची काही अडचण?

जीटीके एलजीपीएल २.१ किंवा त्यानंतरच्या परवान्याखाली आहे. बंद सोर्सचा व्यावसायिक प्रोग्रामही तिच्यावर बनवता येतो. वापरणाऱ्याला लायब्ररी बदलून बसवता आली पाहिजे, ही मुख्य अट. डायनॅमिक लिंकिंग केलं की ती सहज पाळली जाते, म्हणून स्टॅटिक लिंकिंगच्या मागे लागू नका. जीटीकेमध्ये बदल करून वाटणार असाल तर ते बदल मात्र त्याच परवान्याखाली खुले करावे लागतात.